पियानोवर कोण आहे?



मागच्या महिन्यात गटाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करायला मी आपल्या रेडिओ केंद्रावर लवकर पोचले. यंत्रावर बसणारा मुलगा आवाज तपासत होता. त्यानं एक जुनी तबकडी लावली होती, म्हणजे आता ती संगणकातूनच वाजते. खरखर होती, पण आत नुसती धमाल. लग्नाच्या बँडमधलं ट्रम्पेट असतं ना, तसं काहीतरी वर चढत चाललं होतं. मी विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "ताई, हा लुई आर्मस्ट्राँग. जॅझमधला सगळ्यात मोठा माणूस." मी थोडं ऐकलं. त्या ट्रम्पेटच्या मागं कुणीतरी पियानोवर एकसारखा ठेका धरून बसलं होतं. न थकता, न थांबता. मी विचारलं, "आणि हे मागं कोण वाजवतंय?" तो म्हणाला, "ती त्याची बायको."

आता तुम्हाला माहीत आहे, नवीन गट बसवताना पहिल्या बैठकीत मी प्रत्येकीला उभं राहून स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लावते. अर्ध्या जणी 'अमक्याची आई' नाहीतर 'तमक्यांची सून' एवढंच सांगून खाली बसतात. त्यामुळे 'त्याची बायको' म्हटलं की माझा कान उभा राहतो. मी म्हटलं, "बाबा, तिला नाव असेल की." तो हसला. पण मग आम्ही दोघांनीही शोधलं, आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

तिचं नाव लिल हार्डिन. जन्म 3 फेब्रुवारी 1898, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस गावी. घर काळ्या माणसांचं. तिची आजी गुलामगिरीत जन्मलेली. अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली, म्हणजे लिलच्या जन्माआधी जेमतेम तेहतीस वर्षं. आजीच्या अंगावर तो काळ होता आणि नात पियानो शिकत होती, एवढं अंतर त्या घरानं दोन पिढ्यांत कापलं. तिची आई डेम्प्सी कडक बाई होती. मुलीनं पियानो शिकावा, पण चर्चमधली भजनं वाजवावीत आणि युरोपातलं शास्त्रीय संगीत वाजवावं, असं तिचं म्हणणं. ब्लूज म्हणून जी गाणी होती, काळ्या माणसांच्या दुःखाची, प्रेमाची, रात्रीच्या अड्ड्यांवरची, ती तिला अजिबात खपायची नाहीत. ती सैतानाची गाणी. गंमत अशी की याच मेम्फिसमध्ये बील स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर ब्लूजचा बाजार भरलेला असायचा, आणि डब्ल्यू. सी. हँडी नावाचा बँडवाला हीच गाणी कागदावर छापून विकत होता. त्याचं 'सेंट लुईस ब्लूज' 1914 साली छापून आलं. तेव्हा लिल सोळा वर्षांची होती. या गाण्याचं नाव लक्षात ठेवा.

आईनं तिला पुढं नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात घातलं. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांसाठी निघालेली ही नावाजलेली संस्था. तिथं ती थोडाच काळ राहिली. 1918 साली आई आणि सावत्र वडिलांबरोबर ती शिकागोला आली. त्या वर्षांत दक्षिणेतली लाखो काळी माणसं उत्तरेच्या शहरांकडे निघाली होती. कारखान्यांत काम होतं, आणि दक्षिणेत जे रोजचे अपमान सोसावे लागत, त्यातून थोडी तरी सुटका होती. आपल्याकडे दुष्काळी भागातली माणसं पुण्या-मुंबईला जातात, तेव्हा संसाराबरोबर आपलं भजन आणि आपला संबळही नेतात ना? तसं जॅझही त्यांच्याबरोबर शिकागोत आलं.

जॅझ म्हणजे काय, ते आता जरा सांगते, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. न्यू ऑर्लिन्स हे दक्षिणेचं बंदर. तिथं मिरवणुकीला बँड, प्रेतयात्रेला बँड. त्या बँडचं वाजवणं, चर्चमधलं गाणं आणि ब्लूज, हे सगळं एकमेकांत मुरलं. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटची आखूड बहीण, मुख्य चाल वाजवते. क्लॅरिनेट त्याच्यावरून वेल चढवल्यासारखं फिरतं. ट्रॉम्बोन खालून घसरत साथ देतं. आणि पियानो, बँजो, ढोल हे ठेका धरतात. चाल सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यात काय भरायचं ते ज्यानं त्यानं जागच्या जागी ठरवायचं. माझी आजी आणि तिची जाऊ जात्यावर बसायच्या. एकीनं पहिली ओळ म्हणायची, दुसरीनं तिथल्या तिथं दुसरी जुळवायची. चाल तीच, शब्द त्या दिवसाचे. मला तर जॅझ ऐकताना तेच आठवलं. जाणकार म्हणतील की हिनं कशाची तुलना कशाशी केली, तर म्हणोत.

शिकागोत लिलला एका संगीताच्या दुकानात काम मिळालं. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हता. लोक गाण्याचे छापील कागद विकत घेत आणि घरी पियानोवर वाजवत. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, हे गाणं कसं आहे? की दुकानातल्या मुलीनं कागद समोर ठेवून वाजवून दाखवायचं. म्हणजे साडीच्या दुकानात पदर खांद्यावर टाकून दाखवतात, तसलं काम. ही मुलगी कुठलाही कागद बघता बघता वाजवायची. पगार आठवड्याला 3 डॉलर.

एक दिवस जेली रोल मॉर्टन नावाचा मोठा पियानोवाला दुकानात आला. त्यानं वाजवलं आणि दुकान हादरलं. पाय जमिनीवर आपटून, सगळा जोर बोटांत आणून तो वाजवत होता. लिलनं ते बघितलं आणि तेव्हापासून तीही तसाच जोर लावायला लागली. आईच्या भजनांच्या वहीत तो जोर नव्हता.

थोड्याच दिवसांत न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या एका बँडला पियानोवाली हवी होती. ही गेली. तिनं विचारलं, वाजवायचे कागद कुठं आहेत? ते म्हणाले, आमच्याकडे कागद नसतात. मग विचारलं, सूर तरी कुठला? त्यांनी सांगितलं की दोन ठोके ऐकू आले की सुरू करायचं. बस्स. शाळेत शिकलेल्या मुलीची काय अवस्था झाली असेल! पण दोन ठोके पडल्यावर तिनं दोन्ही हातांनी जोरात पियानो धरला, कान लावला, आणि सूर काही क्षणांत सापडला. काम मिळालं. आता आठवड्याचा पगार वीस डॉलरच्या वर, म्हणजे दुकानापेक्षा सात पटीनं जास्त. घरी मात्र सांगितलं की नाचाच्या शाळेत वाजवते. रात्रीच्या नाचघरात वाजवते हे आईला सांगायची सोय नव्हती. मैत्रिणींनो, गटाच्या मीटिंगला जाते म्हणून सांगून शिवणाच्या क्लासला जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही.

पुढं किंग ऑलिव्हर या नामांकित कॉर्नेटवाल्याच्या बँडमध्ये ती गेली. क्रिओल जॅझ बँड त्याचं नाव. सगळे पुरुष, आणि ही एकटी बाई. ऑलिव्हरची एक अट होती. पियानोनं ठेका धरायचा, नटायचं नाही. तिनं कधी बोटं वरखाली पळवली, की तो मान वळवून सांगायचा की बँडमध्ये क्लॅरिनेट आहे म्हणून. म्हणजे ते काम दुसऱ्याचं आहे, तू चार ठोके धर. जुन्या तबकड्यांवर तिचा पियानो साधासा वाटतो, आणि काही टीकाकारांनी नंतर तिला बेताची वाजवणारी ठरवलं. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. जिला चार ठोके धरायला सांगितले तिनं चार ठोके धरले. आमटीत मीठ घालणाऱ्या बाईला तुम्ही विचारणार का, की तू मीठच का घातलंस?

1922 च्या उन्हाळ्यात ऑलिव्हरनं न्यू ऑर्लिन्सहून आणखी एक कॉर्नेटवाला बोलावला. वय एकवीस. नाव लुई आर्मस्ट्राँग. सगळे त्याला 'लिटल लुई' म्हणायचे, म्हणून लिलला वाटलं, कुणी चिमुकला असेल. आला तो चांगला शंभर किलोचा गडी. कपडे जुनाट, केस कपाळावर आणलेले. तिला काही तो आवडला नाही, असं तिनंच नंतर सांगितलं आहे.

मग 1923 चा एप्रिल आला. बँड इंडियाना राज्यात रिचमंडला गेला, जेनेट कंपनीच्या तबकड्या भरायला. तेव्हा माईक नव्हता. मोठा कर्णा असायचा, त्याच्यासमोर सगळ्यांनी उभं राहून वाजवायचं आणि त्या आवाजानं मेणावर रेघ कोरली जायची. स्टुडिओ रेल्वेच्या रुळालगत. गाडी आली की काम बंद. आपल्या केंद्रावर बाहेरून ट्रॅक्टर गेला की आपण थांबतो, तसंच. लुईचा आवाज इतका मोठा होता की दुसऱ्या कुणाचं काही ऐकूच येईना. म्हणून त्याला खोलीच्या दूर कोपऱ्यात उभं केलं. तिकडं तो एकटा, बिचारा, उदास उभा. आणि लिलच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला एवढं लांब उभं करावं लागतं, त्याच्यात किती जोर असेल!

इथून पुढची गोष्ट मी आमच्या गटात सांगितली तेव्हा बायका सरसावून बसल्या, कारण ती पैशाची आहे. लिलनं एकदा लुईला विचारलं, तुझे पैसे कुठं असतात? तो म्हणाला, ते मिस्टर जो सांभाळतात. मिस्टर जो म्हणजे ऑलिव्हर, त्याचा गुरू, बापाच्या जागी मानलेला. लिल म्हणाली, तुझे पैसे तू सांभाळायचे. तिनं त्याला नवे कपडे घ्यायला लावले, केस नीट करायला लावले. त्याला कागदावरचं संगीत जरा अडखळत वाचता यायचं, ते पक्कं करून घेतलं. दोघं बसून शास्त्रीय तुकडे वाजवायचे, चर्चच्या कार्यक्रमात जोडीनं वाजवायचे. त्याला चाल सुचली की तो सांगायचा आणि ही कागदावर उतरवायची. घराच्या मागच्या पायऱ्यांवर बसून त्यानं चाली लिहिल्या आहेत. फेब्रुवारी 1924 मध्ये त्यांचं लग्न झालं. दोघांचंही हे दुसरं लग्न.

ऑलिव्हरनं लिलपाशी एकदा बोलून दाखवलं होतं की लुई माझ्या बँडमध्ये आहे तोवर तो माझ्या पुढं जाणार नाही. बघा, गुरू खरं बोलला, पण चुकीच्या माणसापुढं. लिलनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, दुसऱ्या नंबरच्या कॉर्नेटवाल्याची बायको म्हणून मला राहायचं नाही, हा बँड सोड. त्याला फार जड गेलं. ज्यानं वर आणलं त्याला सोडायचं कसं? शेवटी त्यानं सोडला आणि 1924 मध्ये न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या मोठ्या बँडमध्ये गेला.

वर्षभरानं लिलनंच त्याला परत बोलावलं. शिकागोच्या ड्रीमलँडमध्ये तिचा स्वतःचा बँड होता. तिनं मालकाशी भाव केला. लुईला आठवड्याला 75 डॉलर, आणि जाहिरातीत जगातला सर्वात मोठा कॉर्नेटवाला म्हणून नाव. तेव्हा त्याला जग काही ओळखत नव्हतं. पाटी आधी लागली, जगाला मागाहून कळलं. बाकीचे वाजवणारे मात्र त्याला टोमणे मारायचे, बायकोच्या बँडमध्ये, बायकोच्या हाताखाली राबतो म्हणून. ते टोमणे त्याला लागले. मला वाटतं, पुढं जे बिनसलं त्यातला थोडा भाग या टोमण्यांचा असावा. कमावती बायको शिकागोत काय किंवा आपल्या वाडीत काय, पारावर बसलेल्यांना सारखीच खुपते.

12 नोव्हेंबर 1925 ला ओके कंपनीसाठी पाच जण स्टुडिओत जमले. लुई कॉर्नेटवर, किड ओरी ट्रॉम्बोनवर, जॉनी डॉड्स क्लॅरिनेटवर, जॉनी सेंट सिर बँजोवर, आणि लिल पियानोवर. नाव 'हॉट फाइव्ह'. त्या दिवशी जी गाणी भरली, त्यात 'माय हार्ट' हे लिलनं बांधलेलं होतं. 1927 च्या अखेरीपर्यंत हे असेच जमत राहिले. जॅझचा अभ्यास करणारे आजही या तबकड्यांपासून सुरुवात करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2002 साली जतन करायच्या पहिल्या पन्नास ध्वनिमुद्रणांची यादी केली, तिच्यात या आहेत.

हे वारं आपल्याकडेही आलं बरं का. टेडी वेदरफोर्ड नावाचा पियानोवाला शिकागोत लुईबरोबर एकाच बँडमध्ये वाजवायचा. तो पुढं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि 1945 मध्ये कोलकात्यात वारला. गोव्याच्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, सगळे त्याला चिक चॉकलेट म्हणत, तो तर भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूनच ओळखला गेला. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, त्यांनी भगवानदादांच्या 'अलबेला'ला संगीत दिलं ना, 1951 साली, त्यात या चिकचं ट्रम्पेट आहे आणि पडद्यावर तो दिसतोसुद्धा. म्हणजे वरातीत नाचताना आपण जे ऐकत आलो, त्याची एक मुळी शिकागोपर्यंत जाते.

आता नावाचा मुद्दा. डिसेंबर 1927 मध्ये 'स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू' नावाचं गाणं भरलं गेलं. ते फार गाजलं, आजही वाजतं. ते बांधणारी म्हणून नाव लिलचं लागलं. पण नंतर लुईनं ते आपलं असल्याचं सांगितलं आणि त्यावरून वाद झाला. जोडीनं बसून केलेल्या कामात कुणाचं किती, हे सांगणं अवघड, हे मान्य. पण गाणं ज्याच्या नावावर, त्याला ते वाजेल तेव्हा पैसे मिळतात. हा नुसता मानाचा प्रश्न नाही. आमच्या एका गटानं चार वर्षं पापड केले. पाकिटावर नाव छापायची वेळ आली तेव्हा छापखान्यात जाणाऱ्या एकीच्या नवऱ्यानं आपल्या दुकानाचं नाव छापून आणलं. हजार पाकिटं! आम्ही त्या नावावर चिठ्ठ्या चिकटवत बसलो. त्यामुळे लिल आपल्या गाण्यांवर हक्क का सांगत राहिली, हे मला कुणी समजावायला नको.

लुईचं बाहेर मन जडलं होतं. 1931 मध्ये दोघं वेगळी झाली, 1938 मध्ये घटस्फोट झाला. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. आडनाव मात्र आर्मस्ट्राँग तेच ठेवलं. कुणी म्हणेल प्रेमापोटी, कुणी म्हणेल नाव चालतं म्हणून. दोन्ही असेल.

शिक्षण तिनं सोडलं नव्हतं. वाजवता वाजवता शिकागोत संगीत शिक्षिकेची पदवी घेतली, मग न्यूयॉर्कलाही शिकली. तिसाच्या दशकात तिनं बायकांचा बँड उभा केला, रेडिओवर वाजवलं, डेक्का कंपनीसाठी स्वतःच्या नावानं तबकड्या केल्या. 1936 चं तिचं 'जस्ट फॉर अ थ्रिल' हे गाणं 1959 मध्ये रे चार्ल्स या मोठ्या गायकानं गायलं आणि ते सगळीकडे पोचलं.

आणि चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस तिनं ठरवलं की संगीत पुरे झालं. ती शिवण शिकायला गेली! परीक्षेसाठी एक उत्तम शिवलेला पोशाख करायचा होता. तिनं शिवला तो पुरुषाचा कार्यक्रमात घालायचा काळा सूट, आणि मापं कुणाची, तर लुईची. घटस्फोटाला दहा एक वर्षं झालेली. तिच्या शिवणाची ओळख करून द्यायला न्यूयॉर्कमध्ये समारंभ ठेवला. लोकांनी कपड्यांचं कौतुक केलं. तिला वाटलं, जमलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, जरा पियानोवर काहीतरी होऊन जाऊ दे. तेव्हा तिला कळलं की यातून आपली सुटका नाही. पुढं ती पॅरिसला जाऊन वाजवून आली, शिकागोत पियानो आणि फ्रेंच शिकवत राहिली. राहायला तेच घर, लुईबरोबर होती तेव्हाचं.

6 जुलै 1971 रोजी लुई न्यूयॉर्कमध्ये गेला. तोवर त्याची चौथी बायको ल्युसिल जवळजवळ तीस वर्षं त्याच्याबरोबर संसार करत होती. तरीही अंत्ययात्रेत घरच्या माणसांच्या गाडीत लिलला बसवून घेतलं. ल्युसिलचंही मला कौतुक वाटतं.

सात आठवड्यांनी, 27 ऑगस्टला, शिकागोच्या चौकात लुईच्या आठवणीसाठी जाहीर कार्यक्रम झाला. लिल त्र्याहत्तर वर्षांची होती. ती पियानोवर बसली आणि तिनं 'सेंट लुईस ब्लूज' सुरू केलं. मेम्फिसच्या हँडीचं, आईला न चालणाऱ्यातलं. वाजवता वाजवताच ती कोसळली. हृदयविकाराचा झटका होता. त्याच दिवशी ती गेली.

यंत्रावरचा आपला मुलगा मला खूण करतोय, वेळ झाली. त्यानं आज 'माय हार्ट' शोधून आणलं आहे. ऐकताना ट्रम्पेटच्या मागं जरा कान द्या. गाणं बांधलंय लिल हार्डिननं. पियानोवर लिल हार्डिन. लाव रे बाबा.